झाडाला काय बांधायचं

दंतवैद्य बाईंनी इवला आरसा आत घातला,
म्हणाल्या, वरचे दोन दात पुढे निघालेत,
दारातून डोकावणाऱ्या पाहुण्यांसारखे.
आरसा निघाला, अंगठा आत.
तूरा हसली, तो तोंडात ठेवूनच.

मग कडू लेप आणला औषधाच्या दुकानातून.
दोन दिवस तोंड वाकडं,
तिसऱ्या दिवशी तिने तो चाटूनपुसून संपवला.
खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांवर वाढलेलं कोपनहेगनचं पोर,
कडूचं त्याला काय कौतुक!
मोजा चढवला, मनगटाशी दोन टाके घातले.
सकाळी मोजा पलंगाखाली
आणि अंगठा आपल्या जागी,
पांढरा, सुरकुतलेला,
रात्रभर भिजवून सोललेल्या बदामासारखा.

एकदा ओरडलोही.
हे लिहायचं नव्हतं.
तिने अंगठा काढला, मुठीत लपवला
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जणू तिच्या खोलीतून कुणाला तरी
मी अर्ध्या रात्री हाकलून दिलंय.

मेरेटेची रात्रपाळी असते. आठला दार लागतं,
जिन्यावर तिची पावलं उतरत जातात
आणि इकडे अंगठा वर चढतो.
इतकं साधं गणित, मला कळायला तीन महिने लागले.
मी स्वतः सिगारेट सोडून सहा वर्षं झाली,
खिशात निकोटिनचं च्युइंगम अजून आहे.
त्याबद्दल मला कुणी मोजा घातला नाही.

बागेत एक झाड आहे.
नोव्हेंबरात पानं गळून जातात, तरी ते भरलेलं असतं :
फांद्याफांद्यांवर चोखण्या, रंगीत, रिबिनीला बांधलेल्या,
सोबत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चिठ्ठ्या.
'आता मी मोठा झालो. नीट सांभाळ.'
शाळेतला विल्लाद दोन बांधून आला,
तेव्हापासून छाती पुढे काढून चालतो.

तूरा खाली उभी राहून बघत होती.
बराच वेळ.
"बाबा, मी काय बांधू?
माझी तर निघतच नाही."

सायकलच्या खोक्यात तिला बसवून घरी आणलं,
वाटेत मला उत्तर सुचलं नाही.

जेवताना तिनेच सांगितलं, लिही.
मी राय पावाचा तुकडा तसाच ठेवून लिहिलं :
'प्रिय झाडा,
अंगठा मी तुला देणार नाही.
तो बटणं लावायला लागतो.
पण रात्रीचा अंगठा तू घे.
दिवसाचा माझ्याकडे राहू दे.'
खाली मी तिचं नाव लिहायला लागलो, तर म्हणाली, थांब.
बिटाच्या लोणच्याच्या बरणीत अंगठा बुडवला
आणि कागदावर दाबला. जोरात.
लालभडक, मध्ये छोटासा भोवरा.
अंगठा उठवला बाईंनी!
ज्याला घराबाहेर काढायचं
त्याचीच करारावर सही.
मग सवयीने तो तोंडाकडे गेला,
व्हिनेगर लागलं,
आणि ती माझ्याकडे बघून गोंधळून हसली.

निळ्या लोकरीने चिठ्ठी बांधली,
तिच्या उंचीला पोचेल त्या फांदीवर.
प्लास्टिक घालायला मी विसरलो.

रात्री आठला दार लागलं.
अंधारात पांघरूण हललं,
तिचा हात शोधत आला, उशीवर, माझ्या बाहीवर,
आणि माझा अंगठा सापडल्यावर
त्याच्याभोवती मूठ बंद झाली.
तोंडात नाही नेला. नुसता धरला.
मला च्युइंगम हवं होतं,
ते त्याच बाजूच्या खिशात होतं.
पहाटे मेरेटे आली तेव्हा माझा हात
खांद्यापासून मेलेला होता.
तिने बूट न काढता दारातूनच पाहिलं,
काही बोलली नाही, कॉफी ठेवली.

गुरुवारी तो पुन्हा आत गेला.
सकाळी तूराने स्वतःच सांगितलं,
बुटाच्या पट्ट्या लावता लावता, खाली बघून.
मी म्हटलं, असू दे.
"झाडाला सांगू नकोस पण," ती म्हणाली,
"आज दुसऱ्या रस्त्याने जाऊ या."